चाळिसावा शब्द

"खोटं वाक्य म्हणजे भाषेची हत्या आहे," असं श्रीयुत उदाहरणे ज्या क्षणी ठामपणे म्हणाले, त्या क्षणी ते शेजाऱ्याच्या कुंपणावर होते. एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे, आणि विजारीचं टोक तारेत.

पलीकडे खुद्द शेजारी उभे होते. मालवाहू बोटींवर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ. गल्लीत त्यांना कॅप्टन म्हणत. हातात झाडांना पाणी घालायची नळी होती, आणि ती आपल्याच चपलांवर सोडली आहे याचं त्यांना भान नव्हतं.

"हत्याबित्या राहू द्या," कॅप्टन म्हणाले. "आधी खाली उतरा."

"कुठल्या बाजूला?"

"तुमच्या! आणखी कुठल्या?"

"मग काम अर्धवट राहील. दोनच पावलं टाकायची आहेत. तुमच्या हिरवळीवर, तुमच्या परवानगीशिवाय."

"बरं बाबा, दिली परवानगी. या."

"देऊ नका हो!" उदाहरणे कळवळले. "परवानगी दिलीत की ट्रेसपास होत नाही. तुम्ही ओरडा."

कॅप्टनांनी समुद्रावर वादळं पाहिली होती, पण सकाळी साडेसात वाजता माणूस आवारात घुसतो आणि वर 'ओरडा' म्हणून आर्जवं करतो, हे त्यांनी कुठल्याही बंदरात पाहिलं नव्हतं. तरी ते ओरडले. अगदी मनापासून ओरडले, कारण एव्हाना उदाहरण्यांचा डावा पाय गुलाबाच्या वाफ्यात उतरला होता. उदाहरण्यांनी मोजून दोन पावलं टाकली, "आभारी आहे," म्हणाले, फाटकातून रीतसर बाहेर पडले, आणि घरी येऊन चिठ्ठीवर लिहिलं: 'मी शेजाऱ्याच्या बागेत ट्रेसपास केलं आणि तो ओरडला.' अर्थात इंग्रजीत. इंग्रजीत ते बरोबर नऊ शब्दांत बसलं.

बायको चहा गाळत होती. तिने विजारीकडे पाहिलं.

"कितवा?"

"एकोणचाळिसावा."

"शब्द विचारत नाहीये. विजार कितवी?"

उदाहरणे हे त्यांचं आडनाव नव्हे, कामावरून पडलेलं नाव. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. एका लहानशा प्रकाशनात ते एकतीस वर्षं नोकरीला होते, आणि त्या प्रकाशनाचं एकच पुस्तक चालायचं. शालान्त परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी पाच हजार इंग्रजी शब्द. प्रत्येकापुढे अर्थ, त्याखाली व्याख्या, त्याखाली उदाहरणाचं एक वाक्य. मुखपृष्ठ पिवळं, म्हणून सगळे त्याला पिवळं पुस्तक म्हणत. पुस्तकावर नाव एका प्राचार्यांचं होतं. प्राचार्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी 'नवी सुधारित आवृत्ती' दरवर्षी तेच काढत. हयातीतही त्यांनी फक्त प्रस्तावना लिहिली होती, आणि तीत 'अथक परिश्रम' हा शब्दप्रयोग तीनदा आला होता. परिश्रम उदाहरण्यांचे होते. त्याबद्दल त्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांचा हट्ट एकाच गोष्टीचा: वाक्य खरं पाहिजे.

व्याख्येचं काय, ती जाड कोशातून उतरवता येते. तिथे उदाहरणे हात राखून काम करत नसत, पण त्यांचा जीवही तिच्यात नसे. वाक्य मात्र घडलेलं हवं, आणि शक्यतो आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं. इतर पुस्तकांतून 'राजा उदार होता', 'सिंह शूर आहे' अशी वाक्यं असत. उदाहरणे विचारत, "कुठला राजा? कधी? कुणाला काय दिलं त्याने?" 'जनरस' या शब्दासाठी त्यांनी भर पावसात आपली छत्री एका परक्या बाईला देऊन टाकली. घरी येईपर्यंत 'ड्रेंच्ड'चंही काम झालं. 'हिचहाइक'साठी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी विटांच्या ट्रकला हात केला आणि भलत्याच गावी पोचले. 'ॲबडिकेट'ला राजगादी लागते; ती नव्हती, पण गृहसंस्थेच्या पाणी समितीचं अध्यक्षपद होतं. ते सोडलं. लोकांना वाटलं, काहीतरी भानगड असणार. खून, दंगल, भूकंप असल्या शब्दांसाठी वर्तमानपत्रावर भागवावं लागे, पण ते त्यांना उष्टं वाटे.

बायकोवर पुस्तकात एकूण एक्केचाळीस वाक्यं होती. तिनेच मोजली होती.

"हट्टी मी, कंजूष मी, रुसले मी," ती म्हणायची. "गुणाचं एक वाक्य नाही."

"आहे की. 'इनडिस्पेन्सेबल'. ज्यावाचून चालत नाही ते."

"त्यात 'बायको आणि चष्मा' असं आहे. मी वाचलंय."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि लोक नेतही असत. पण प्रकाशनाच्या छापखान्याच्या पत्त्यावर दर निकालानंतर पाच-पन्नास पत्रं यायची. एका परिचारिकेने लिहिलं होतं की, पेपरात 'ड्रेंच्ड' आला आणि मला तुमची छत्री आठवली, मी पास झाले. एका दुकानदाराने विचारलं होतं, ती विटांची गाडी शेवटी कुठे पोचली? मुलांना वाक्यं लक्षात राहत, कारण त्यांत कुणीतरी खरोखरीचं माणूस भिजत असे, चुकत असे, रुसत असे. पत्रांवर नाव प्राचार्यांचं असे. उत्तरं उदाहरणे लिहीत, आणि खाली सही करत 'प्राचार्यांकरिता'.

यंदा परीक्षा मंडळाने यादीत चाळीस नवे शब्द घातले होते. ते आले नाहीत तर पुस्तक कुणी हातात धरणार नाही, आणि हे पुस्तक बसलं तर छापखान्यातली अकरा माणसं घरी बसणार. सोमवारी दुपारी छपाई सुरू व्हायची होती. आज शनिवार. एकोणचाळीस झाले होते.

"मग राहिला कुठला?" बायकोने कप पुढे ठेवत विचारलं.

उदाहरण्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि बुडवूनच ठेवलं.

"रिकन्साइल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुटलेलं जोडणं. भांडलेल्या माणसांनी पुन्हा एक होणं. समेट."

बायको खुर्चीवर बसली. बिस्किटाचा वरचा अर्धा भाग उदाहरण्यांच्या चिमटीत राहिला, खालचा चहात गेला.

"लिहा की काहीतरी. 'दोन राजांनी समेट केला.'"

"कुठल्या राजांनी?"

"कुठल्याही! राजे भांडतातच."

"मी पाहिलेत?"

"बरं, मग आपण भांडू. मी दुपारपर्यंत अबोला धरते, संध्याकाळी समेट करू. लिहून टाका."

"आपलं भांडण कधी संपतच नाही, तर समेट कसला करणार?"

हे तिला पटलं. थोडा वेळ तिने टेबलावरचा चहाचा गोल डाग बोटाने पुसला. मग खाली बघतच म्हणाली, "उद्या रविवार आहे. दादा घरीच असतात रविवारी."

दादा म्हणजे उदाहरण्यांचे थोरले बंधू. त्याच शहरात, बसने पाऊण तासावर राहत. दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण जमीन नाही, घर नाही, बायका नाहीत. कारण एक वाक्य.

'पॉम्पस' हा शब्द. व्याख्या: उगाच भारदस्तपणाचा आव आणणारा. वाक्य: 'माझे थोरले बंधू घरच्या लग्नात पॉम्पस भाषणं करतात.' इंग्रजीत नऊ शब्द. पुस्तकात वाक्याला दिलेल्या ओळीत नऊच शब्द बसत. दहावा शब्द आला की ओळ मोडे आणि मालक वैतागत.

वाक्याच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता. दादा एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि लग्नात जेवणाआधी ते उभे राहिले की आचारी भांड्यांवर परत झाकणं ठेवत. पण पिवळं पुस्तक त्यांच्याही शाळेत लागलेलं होतं. एके दिवशी तपासणीला साहेब आले, नववीच्या वर्गात एका मुलीला उभं केलं, आणि तिने खणखणीत आवाजात नेमकं तेच वाक्य वाचलं. दादा फळ्याशेजारी उभे होते. वाक्यातले हे थोरले बंधू कोण, हे मुलांना ठाऊक नव्हतं. पण एका शिक्षकाला होतं, आणि तो हसला. संध्याकाळपर्यंत शाळेला कळलं. त्यानंतर तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दादांना मुलं पाठीमागे 'पॉम्पस सर' म्हणत होती.

दादा धाकट्याकडे आले होते. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत हे वाक्य नको."

"खोटं आहे का, तेवढं सांग," उदाहरणे म्हणाले होते.

हे त्यांना त्या वेळी फार तत्त्वाचं वाटलं होतं. दादांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि जिना उतरून गेले. वाक्य त्या वर्षी पुन्हा छापलं गेलं, त्यानंतर दरवर्षी. दहा-दहा हजार प्रती.

शनिवारभर उदाहरणे घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: घडायच्या आधीच वाक्य लिहिलं. 'या रविवारी मी थोरल्या भावाशी रिकन्साइल झालो.' चिठ्ठी खिशात घातली. हे बरोबर नाही, हे त्यांना कळत होतं. पण खिशात काहीच नसताना त्या दारात उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं.

*

रविवारी दुपारी चार वाजता दार वहिनींनी उघडलं. त्यांनी दिराला आपादमस्तक न्याहाळलं.

"या," त्या म्हणाल्या. "रस्ता बराच लांबला म्हणायचा. अकरा वर्षं चालत होतात."

"दादा आहे?"

"जातील कुठे? निवृत्त माणूस आहे. बसा." आणि आतल्या दिशेने, आवाज न चढवता, "अहो, धाकटे आलेत."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा बाहेर आले. अंगात सदरा इस्त्रीचा, सगळी बटणं लावलेली. घरी बसतानाही ते कार्यक्रमाला बसल्यासारखे बसत. केस मात्र पार पांढरे झाले होते. उदाहरणे उठून उभे राहिले. शाळेत उभं राहावं तसे.

"बस," दादा म्हणाले.

दोघे बसले. भिंतीवरचं घड्याळच काय ते बोलत होतं.

"तब्येत?" उदाहरण्यांनी विचारलं.

"आहे."

"गुडघा?"

"आहे. दोन्ही आहेत."

मग उदाहरण्यांचं लक्ष फडताळाकडे गेलं. काचेआड, जाड ग्रंथांच्या खालच्या कप्प्यात, एकाशेजारी एक, पिवळ्या कण्यांची अकरा पुस्तकं उभी होती. अकराही आवृत्त्या.

"ही... तू घेतोस?"

"दर जूनला. पहिल्या दिवशी," वहिनींनी आतून सांगितलं. "दुकानदार म्हणतो, एवढ्या वेळा कोण नापास होतंय तुमच्याकडे?"

"ते वाक्य आहे की काढलं, बघायला घेतो," दादा म्हणाले. "आणि घेतलंच आहे तर वाचतो. शिक्षकाची सवय."

उदाहरण्यांनी उठून एक पुस्तक काढलं. पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. कुठे स्वल्पविराम, कुठे 'व्याख्या सैल', कुठे 'छान'. 'ड्रेंच्ड'पुढे 'छान' होतं. 'हिचहाइक'पुढे लिहिलं होतं, 'मूर्ख. पण छान.' एकतीस वर्षांत त्यांचं लेखन एवढं बारकाईने कुणी वाचलं नव्हतं.

"दादा, मी एका कामासाठी आलोय," ते म्हणाले. माणूस प्रामाणिक, लपवता येईना. "मंडळाने एक शब्द लावलाय. रिकन्साइल. उद्या द्यायचाय. आणि मी खोटं वाक्य लिहीत नाही, तुला माहीत आहे."

दादांच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"म्हणजे तू माझ्याकडे आला नाहीस," ते सावकाश म्हणाले. "तू शब्दाकडे आलास."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. अकरा वर्षांत भाऊ आठवला नाही. परिपत्रक आलं तेव्हा आठवला." दादा उभे राहिले होते, आवाज लग्नातल्या भाषणाच्या पट्टीत गेला होता. "खोटं वाक्य लिहीत नाहीस काय? एक नाही? पाच हजारांत एक नाही? दोनशे अकरावं पान काढ."

"अहो," वहिनी दारात आल्या. "नको ते."

"काढ म्हणतो ना!"

उदाहरण्यांनी पान काढलं. वरून तिसरा शब्द 'सिरीन'. व्याख्या: पूर्ण शांत, प्रसन्न. वाक्य: 'शेवटच्या तासात आईचा चेहरा सिरीन होता.' त्यापुढे खूण नव्हती. ना बरी, ना वाईट. त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. अकराही पुस्तकांत तेवढी एक जागा कोरी होती.

"यात खोटं काय आहे?" त्यांनी विचारलं.

दादा खाली बसले. सगळी पट्टी उतरली होती.

"काही नाही. रागात बोललो. चहा टाक गं."

"दादा, काय खोटं आहे?"

"छपाईची चूक असेल."

"एका वाक्यात आठ शब्द आहेत. आठही मी तपासलेत."

आई थोरल्याकडेच होती. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एकला दादांनी छापखान्यात फोन केला होता, आई आठवण काढतेय, ये. उदाहरणे म्हणाले होते, तीस पानांची मुद्रितं तपासायची राहिलीत, संध्याकाळी येतो. आई साडेतीनला गेली. ते सहाला पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. आईचे केस विंचरलेले, चादर सारखी केलेली. दादा म्हणाले होते, "शांत गेली रे. चेहरा अगदी प्रसन्न होता." पुढच्याच आठवड्यात 'सिरीन'चं जुनं वाक्य, ज्यात कुठलंसं सरोवर होतं, ते काढून उदाहरण्यांनी हे घातलं.

"ती शांत गेली नाही," दादा म्हणाले. ते फडताळाकडे बघत होते. "दोन तास तडफडत होती. चादर ओढत होती, उठायला बघत होती. दाराकडे बघून म्हणायची, धाकट्याला हाक मार, धाकटा आला का बघ. हिला विचार. हिने धरून ठेवली होती तिला."

वहिनींनी पदराने दाराची कडी पुसली, जी स्वच्छच होती.

"मग तू मला..."

"सहा वाजता धापा टाकत आलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार होतो? तू ते छापशील, हे मला काय माहीत!"

उदाहरण्यांच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. बराच वेळ त्यांनी त्यावरून बोट काढलं नाही.

"मी तुला म्हणालो होतो, खोटं आहे का तेवढं सांग," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा हे होतं तुझ्याकडे. जिन्यात उभा होतास. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच बसलो असतो. का नाही बोललास?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी पॉम्पस आहे," ते म्हणाले. "दुष्ट नाही."

यावर उदाहरणे रडले. पन्नाशी उलटलेला माणूस परक्यासारखा लांब बसून रडतो तेव्हा जवळ कुणी जायचं, हा प्रश्न पडतो. वहिनींनी तो सोडवला. त्यांनी चहाचे कप आणले आणि दिराच्या हातात कप दिल्यावर तो सोडलाच नाही, बशीखालून आपला हात तसाच धरून ठेवला. "सांडेल," एवढंच म्हणाल्या.

"दोन्ही काढतो," उदाहरणे नाक पुसत म्हणाले. "उद्याच. पॉम्पस काढतो, सिरीन काढतो."

"आईचं राहू दे."

"खोटं आहे ते."

"आहे. पण चौदा वर्षांत लाखभर पोरांनी पाठ केलंय की आपली आई शांत गेली. तेवढं तरी तिला असू दे." दादांनी कप खाली ठेवला. "आणि मला वाचायला बरं वाटतं. खूण करत नाही, पण वाचतो."

"मग तुझं तरी काढतो."

"काढ," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "काढच."

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. "गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात सतरा मिनिटं बोललेत. मुलगा-मुलगी उभ्याने दमली. वाक्य अजून ताजं आहे."

दादा बायकोकडे रागाने बघायला गेले आणि मध्येच हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली. त्यांच्या घराण्यात एवढंच हसत. उदाहरण्यांनीही सोडली.

पॉम्पसचं वाक्य काढायचं ठरलं. त्यावर दोघांचं एकमत झालं, आणि मग चाळिसाव्या शब्दाला वाक्य कोणतं, यावर पाऊण तास दुमत झालं. दादांना रिकन्साइलचं वाक्य स्वतः सांगायचं होतं. ते उभे राहिले, एक हात पाठीमागे घेतला, आणि इंग्रजीत सुरुवात केली. एका दशकाहून अधिक काळच्या खेदजनक दुराव्यानंतर, वयाचा आणि रक्ताचा मान राखून, दोन वयस्क बंधू...

"तेवीस झाले, दादा. अजून क्रियापद आलं नाही."

"येतंय. धीर धर."

"नऊच बसतात."

"नऊ शब्दांत भांडण होतं, बाबा. समेटाला जागा लागते."

"मालक ऐकायचे नाहीत."

"मग मालकाला सांग, थोडा रुंद कागद आण."

निघताना सहा वाजून गेले होते. दादा फाटकापर्यंत आले. उदाहरण्यांची कॉलर एका बाजूने वर राहिली होती ती त्यांनी खाली बसवली, वर्गात शिरणाऱ्या मुलाची बसवावी तशी.

बसमध्ये उदाहरण्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. 'या रविवारी मी थोरल्या भावाशी रिकन्साइल झालो.' त्यात खोटं काही नव्हतं. तरी त्यांनी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, बसच्या धक्क्यांनी हलणाऱ्या अक्षरात, दुसरं वाक्य लिहिलं: 'चूक माझी असूनही भाऊ माझ्याशी रिकन्साइल झाला.' इंग्रजीतले शब्द बोटांवर मोजले. नऊ.

घरी बायकोने दोन्ही बाजू वाचल्या. इंग्रजी तिला बेताचंच येई, पण एकतीस वर्षं एका माणसाच्या वाक्यांत राहिली होती.

"हे पुढचं आधी लिहिलेलं," ती म्हणाली. "हे मागचं खरं."

"पुढचंही खरंच आहे."

"असेल. पण त्यात तुम्ही गेलात. यात ते आले." तिने चिठ्ठी परत दिली. "मी पुस्तकात एक्केचाळीस वेळा आहे. यात नाही, ते बरं झालं."

*

सोमवारी उदाहरणे दहाच्या ठोक्याला छापखान्यात हजर होते. टाइप करणाऱ्या मुलीने शेवटचं पान उघडून ठेवलं होतं. मालक आपल्या टेबलाशी एका हाताने फोन आणि दुसऱ्याने दाढ धरून बसले होते. मालकांची दाढ गेला आठवडाभर दुखत होती आणि सगळ्या छापखान्याला ती ठाऊक होती.

उदाहरण्यांनी चिठ्ठी मुलीपुढे ठेवली. "चाळिसावा," ते म्हणाले. "आणि पॉम्पसचं वाक्य बदलायचंय. नवं आहे माझ्याकडे. मालकांच्या दाढेवर नाही, घाबरू नकोस. माझ्यावरच आहे."

मुलगी चिठ्ठी वाचून थांबली. "हे छान आहे, काका," ती म्हणाली. "खरं आहे?"

"कालचंच आहे."

तेवढ्यात मालकांनी फोन ठेवला. "अरे उदाहरणे! तुम्हाला सांगायचं राहिलंच," ते दाढेच्या बाजूने चेपलेल्या आवाजात म्हणाले, आणि टेबलावरच्या ढिगातून एक कागद ओढून काढला. "मंडळाचं दुसरं परिपत्रक आलंय. चाळीस शब्द मुलांना जड होतील म्हणे. आठ काढलेत. बत्तीसच राहिले."

उदाहरण्यांनी कागद घेतला. वगळलेले शब्द वर्णानुक्रमे होते, म्हणून आर येईपर्यंत सहा वाचावे लागले. सातवा तो होता.

"मेहनत फुकट गेली तुमची," मालक म्हणाले.

"वाक्य खरं आहे," उदाहरणे म्हणाले. "छापलं नाही म्हणून खोटं होत नाही."

"ते झालंच," मालक म्हणाले आणि दाढेकडे वळले.

मुलीने पॉम्पसचं वाक्य बदललं. आठ शब्द गेल्याने शेवटच्या पानावर जी जागा मोकळी झाली, तिथे मालकांनी सोप्या अंकगणिताच्या पुस्तकाची जाहिरात टाकली. छपाई ठरल्या वेळी सुरू झाली. उदाहरण्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि नियमाप्रमाणे परिपत्रकाखाली 'वाचले' असं लिहून सही केली. सही करताना वरची तारीख दिसली. परिपत्रक आधीच्या गुरुवारचं होतं.